मूस दारात, कॅमेरा घरात

केमियार्वी, २४ सप्टेंबर

ती. हिल्काताईस,

धाकट्या तौनोचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढा.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या कानाचं यंत्र सापडलं का? सापडलं नसेल तर हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, सगळ्या आळीला ऐकू जाईल. मी ठणठणीत आहे. रोज सूप करतो आणि रोज जेवतो.

तुझी अट मी विसरलेलो नाही. बायको सैमी वारल्यापासून तीन वर्षं हा माणूस घराबाहेर पडत नाही, तेव्हा यानं दाजींचा कॅमेरा घेऊन उत्तरेच्या अभयारण्यात जावं आणि एका तरी जिवंत प्राण्याचा फोटो स्वतः काढून आणावा. नाहीतर घर विकून कुओपिओला तुमच्या मागच्या खोलीत राहायला यावं. ताई, तुझ्यावर माझा फार जीव आहे. पण त्या खोलीत तुझं शिवणयंत्र आहे, आणि तुला पहाटे पाचला पडदे शिवायची हुक्की येते. म्हणून मुकाट्यानं गेलो. सोबत मूसचा फोटो जोडला आहे. जरा हलला आहे, पण वारा होता.

पहिले दोन दिवस वाया गेले. बर्चची पानं पिवळीधमक झालेली, उजेड असा की आंधळ्यानंही फोटो काढावा. आणि प्राणी म्हणशील तर एक पाखरू तेवढं आलं. ते थेट कॅमेऱ्यावरच बसलं. आता कॅमेऱ्यावर बसलेल्याचा फोटो त्याच कॅमेऱ्यानं कसा काढायचा, हे दाजींनी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला म्हणून ओढ्याकाठच्या लाकडी खोपटात शिरलो. चूल पेटवली, झोपायच्या एकुलत्या एक फळीवर पसारा मांडला, तेवढ्यात दार उघडून केर्तू नावाच्या एक बाई आत आल्या. साठीच्या, नखशिखान्त भिजलेल्या, गळ्यात कॅमेरा.

आता आपल्याकडचा नियम तुला माहीतच आहे. रानातल्या खोपटावर जो शेवटी येतो त्याचा हक्क पहिला, आधी आलेल्यानं जागा सोडायची. मी सामान आवरायला लागलो. बाई म्हणाल्या, "अहो, बसा की, एवढ्या पावसात कुठे निघालात?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि बाहेर पडलो. (माझा हट्ट बाबांवर गेला आहे, तुझा तर त्याहून जास्त.) पण कॅमेरा आतच राहिला. पाव तासानं तो घ्यायला परत गेलो, तर बाई स्वतःची पिशवी आवरायला लागल्या. म्हणे, आता तुम्ही मागाहून आलात, तेव्हा हक्क तुमचा! त्या बाहेर गेल्या. त्यांना आणायला मी बाहेर गेलो. शेवटी खोपटात चूल ढणढण पेटलेली, आत चिटपाखरू नाही, आणि दोन म्हातारे पावसात उभे राहून एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणताहेत.

आणि तेव्हा तो आला, हरणांचा थोरला भाऊ, मूस. घोड्याहून उंच, शिंगं म्हणजे दोन फावडी, आणि हे दिवस त्यांच्या माजाचे. सरळ खोपटाच्या दारात जाऊन उभा राहिला. आम्ही स्प्रूसच्या झाडामागे श्वास रोखून बसलो. बाई कुजबुजल्या, "फोटो काढायला आलात ना?"

"हो."

"कॅमेरा?"

"आत. तुमचा?"

"तोही आतच, चुलीपाशी वाळतोय."

ताई, त्यावर त्या हसायला लागल्या. तोंडात हातमोजा कोंबून हसत होत्या. मलाही हसू आवरेना, आणि मी किती दिवसांनी हसतोय हे माझं मलाच जाणवलं. मूस काही हलेना. शेवटी खिशातून तू दिलेल्या, भाताचं सारण भरलेल्या, राय धान्याच्या पिठाच्या करंज्या काढल्या. बाईंनी चार खाल्ल्या. मूस निघून गेल्यावरही आम्ही बराच वेळ तिथेच बसलो होतो, पाऊसही थांबला होता.

तर अशी हकीकत. त्या बाई फार हट्टी आहेत आणि बोलतातही फार, तेव्हा त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
तौनो

ता. क. फोटो दाजींना भिंगातून पाहू देऊ नकोस. मूसच्या हातात किटली दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी केर्तू तपकिरी कोट घालून ओढ्यावर वाकली होती, तेव्हा काढला आहे. खरा मूस पुन्हा फिरकला नाही. अट काही पुरी झाली नाही, पण मागच्या खोलीत येणार नाही. कारण पुढे आहे.

ता. क. २. करंज्या कोणी केल्या असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. का म्हटलं, देव जाणे. येत्या शनिवारी ती माझ्याकडे त्या शिकायला येते आहे. ताई, मला पीठसुद्धा भिजवता येत नाही. तू गुरुवारीच निघून ये आणि मला शिकव. लाटणं आण. गुडघ्यांसाठी मी पायरीला कठडा बसवून ठेवतो.

ता. क. ३. शुक्रवारी संध्याकाळी परतीची बस आहे. तुझं तिकीट काढून ठेवलं आहे.