क्रेस्टेनशेजारची जागा

२७ एप्रिल १८९४
झालं. काल आमचं चर्च फुटलं. डेन्मार्कहून एकाच बोटीतून आलो, इथे आयोवात एकाच भिंतीला गिलावा केला — आणि आता दोन चर्चं. नाचाला पाप म्हणणारे ते पवित्र, आम्ही नाचरे. इमारत पवित्रांना मिळाली. आम्हाला हॉल, कॉफीची मोठी किटली आणि फिडल. सौदा वाईट नाही.

२८ एप्रिल
वाईट आहे. इमारतीबरोबर कबरस्तानही त्यांचं झालं, हे आमच्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही! तिथे माझा नवरा क्रेस्टेन पुरलेला आहे. त्याच्या शेजारची अर्धी जागा माझी. आज शनिवार, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे कबरीवरची खडी ओढून सारखी करायला दंताळं घेऊन गेले, तर फाटकात लाऊरिट्स. पवित्रांचा पुढारी. किल्ल्या कमरेला.
"सिसेल, नियम झालाय. इथे फक्त आमचे सभासद पुरायचे."
"मी अजून चालतेय की रे. खडी ओढू दे."
"ओढ. पण ती जागा आता तुझी नाही. नाच सोडलास तर बघू."
"तू शिकलास तर सोडीन."
कान लाल झाले त्याचे. क्रेस्टेनवर सरळ रेघा ओढल्या. पलीकडच्या कबरीत लाऊरिट्सची बायको मारेन. काय ते तण वाढलेलं! माझी मैत्रीण होती. तिचंही करून टाकलं.

५ मे
माझ्या अर्ध्या जागेत बटाटे लावले. उभ्या पिकातून बाईला हुसकायला माणूस जरा लाजतो. बघू.

९ जून
बटाट्यांना फुलं आली.
लाऊरिट्स म्हणाला, "हे शेत आहे का?"
म्हटलं, "देह पेरला जातो आणि उठतो, असं तुमचाच पाद्री सांगतो ना? मग बटाट्याने काय पाप केलं?"
कोंडीत सापडला की तो हातातली टोपी फिरवतो. फिरवली.

२३ जून
संत हान्सच्या रात्रीचा, भर उन्हाळ्याच्या सणाचा जाळ पेटवला. तीन नाच नाचले, गुडघा बोंबलतोय. रस्त्यापलीकडे कुणीतरी टोपी फिरवत उभं होतं.

२९ जून
शेजारची बोडिल सांगत आली — पवित्र मंडळी उद्या बटाटे उपटणार.
"उपटू देत. मी खड्ड्यात जाऊन बसते."
दोघी हसलो. ती गेल्यावर मात्र हसू आलं नाही. क्रेस्टेनशेजारी दुसरंच कुणी झोपलं तर? इतकी वर्षं पलंगावर त्याच्याशेजारची, भिंतीकडची बाजू माझी होती.

३० जून
फाटकाला कुलूप. आत बटाटे जागच्या जागी. बाहेर लाऊरिट्स, कमरेला किल्ल्या नाहीत.
"मी उपटू दिले नाहीत. मला चर्चमधून काढलं त्यांनी."
म्हणजे त्याच्याच नियमाने मारेनशेजारची त्याचीही जागा गेली.
टोपी फिरवत म्हणाला, "तुमच्या हॉलात घ्याल का मला?"
कुंपण छातीएवढंच आहे. दंताळं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे धर. आधी मी चढते."