खड्ड्यापलीकडची पिवळी टोपी

प्रिय क्लारा आपा,

तू गेल्याचं आज सकाळी कळलं. तुझ्या नवऱ्याची, साहेबांची, इटलीहून तार आली, माझ्या नफिसाच्या अब्बांच्या दुकानावर. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. भात करपला, चहा उकळून आटला. शेवटी कागद घेतला. तुला मराठी कुठे येत होती? पण माझी बडबड तुला तेव्हाही कळायचीच की!

आणि उद्या शाळेचे खेळ आहेत. नफिसाची लांब उडी. जायला हाच आठवडा सापडला का गं?

इथे दुबईच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा तुला फावड्याने वाळू खणताना पाहिलं, तेव्हा वाटलं, बाईचं काही हरवलंय. तू म्हणालीस, "सख्त रेती, पैर खलास!" मग लांबून धावत आलीस आणि उडालीस. चाळिशीची बाई! मी ओढणी तोंडात धरून हसले. नफिसा मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तीच फावडं घेऊन तयार.

तू देशासाठी उड्या मारल्यास, हे मला किती उशिरा कळलं! मेडलं बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याखाली. अशी ठेवतात का? तू म्हणालीस, धावताना जिथून उडायचं त्या फळीकडे बघायचं नाही, वाळूच्या खड्ड्यापलीकडे बघायचं. तिथे तुझी आई उभी राहायची, शेतातून तशीच आलेली, डोक्यावर पिवळी टोपी. ती वारली आणि तू खाली बघायला लागलीस. पाऊल फळीच्या पुढे, लाल झेंडा, उडी बाद. दरवेळी तेच. एका हंगामात सगळं संपलं. सांगताना साहेबांच्या शर्टाला बटण लावत होतीस. दोरा तोडलास आणि विषय बदललास.

मग नफिसासाठी तूच ती टोपी घालून पलीकडे उभी राहू लागलीस. इलाजाला इटलीला गेलीस तेव्हा टोपी आमच्या खुंटीवर ठेवलीस. "इन्शाल्ला, जल्दी आती हूँ." दुखणं एवढं मोठं होतं, तर मला का नाही सांगितलंस? मला राग आलाय, आपा. खूप राग आलाय.

नफिसा रडली नाही. एवढंच म्हणाली, "अम्मी, हू विल स्टँड देअर नाउ?"

मी उभी राहू का, म्हणून तिच्या अब्बांना विचारलं. त्यांचं एकच, "तिकडे सगळे जेन्ट्स असतात. मार्केटमधले लोक बघतील. लेडीजच्या तंबूत बस, बात खलास!" पण तंबू तिच्या पाठीमागे असतो! पाठीमागून मी तिला कशी दिसणार?

सकाळपासून त्या खुंटीपाशी कितीदा जाऊन आले. हात लावते, परत फिरते.

आता टोपी काढून मांडीवर घेतली आहे. उद्या मी खड्ड्यापलीकडे उभी राहीन, आपा. ओढणीवरून तुझी टोपी घालीन. लोक हसतील, घरी बोलणी बसतील, बसू देत. मी जागची हलणार नाही. माझ्या पोरीला मी खाली बघू देणार नाही.

तुझी,
जुबेदा