शिवेवरचा गाडा

रविवार, १२ जुलै १९६४
पोचलो बुवा एकदाचा! सिल्लोडच्या पुढं एसटी सोडली आणि दोन कोस चिखल तुडवला. काय ते हिरवे डोंगर, काय ते धबधबे! कचेरीतल्या फायली गेल्या खड्ड्यात. आठवडाभर भटकणार, आषाढातली गाणी ऐकणार. गुरुवारी दमयंती आमच्या कालिंदीला घेऊन येईल. चार वर्षांची पोर, पाणी बघून नाचेल नुसती.
सारजाबाईंनी ओसरीलगतची खोली दिली, पण तोंड वाकडं करूनच. म्हणाल्या, कशाला आलात सायेब, गावात लेकरं तापानं पडल्यात.

सोमवार
इथं रामरामसुद्धा कुणी घेत नाही. दोन पोरं दगावली म्हणे. रामकिसन पाटील दारात येऊन दरडावून गेला. उद्या मरीआईचा मंगळवार, सगळं गाव शिवेबाहेर रांधणार. दिवस मावळेपर्यंत गावात माणूस नाय राहायचं, चूल नाय पेटवायची. बरं म्हटलं. काय हा तोरा!

मंगळवार
गेलो नाही. रिकामं गाव बघायची हौस दांडगी! दुपारी स्टोव्हवर चहा टाकला, तर दारात हिरव्या लुगड्यातली म्हातारी. मागं राहिली असेल बिचारी. घोटभर मागत होती. घरी म्हणतो तसंच या, बसा म्हटलं, कप दिला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. लई गुणाचा हायेस म्हणाली. हात तव्यासारखा तापलेला.
सांजेला गाव परतलं. सगळ्या पोरांचे ताप उतरले. मला मात्र हुडहुडी भरलीय.

बुधवार
आज सगळे रामराम घालतात. रामकिसन तर पाया पडला. मग मला हळद फासली, कडुनिंब बांधला, गाड्यात घातलं. दवाखान्यात न्या रे, म्हणून ओरडलो. सारजाबाई रडत म्हणाल्या, तुम्ही तिला घरात घेतलं सायेब, आता ती तुमची. दुसरं कुणी जवळ आल्याबिगर सोडायची नाय.
शिवेवर गाडा टाकून बैल नेले. पलीकडं दुसऱ्या गावचे लोक काठ्या घेऊन. खाली पाय टाकला की दोन्हीकडून दगड.
म्हातारी शेजारी बसलीय.

गुरुवार
अंगाची लाही — दमयंतीची वाट हीच. तिला कोण सांगणार —
दिसल्या. मागं फिर गं! घशातून आवाजच नाही —
कालिंदीनं आईचा हात सोडवला. पळत येतेय.
म्हातारी उठली.
घाम सुटला. ताप उतरतोय. नको — उतरू नको बाई, पाया पडतो, माझ्यातच रा—