माझे आकडे खोडून टाक

मंगळवार, ११ मार्च
सकाळचे साडेदहा

प्रिय ताई,

दाजींचा गुडघा कसा आहे? जिने कमी चढा म्हणावं. ते ऐकणार नाहीतच, पण म्हणावं. हिची कंबर जरा बरी आहे, माझा खोकला गेला. मंगळवारी या वेळेला हा घरी कसा, शाळेची बस कोण चालवतंय, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगतो.

आधी रविवारच्या फोनबद्दल. मी तो आपटायला नको होता. तू एवढंच म्हणालीस, "बारक्या, अतिनवताऱ्याचे तुझे आकडे कुणाशीच जुळत नाहीत रे. डोळे तपासून घे." आणि मी तुझ्यावर खेकसलो. तीस वर्षं आपण दोघं ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी निरीक्षक मंडळाला पाठवतोय, सगळ्यांच्या नोंदी एकत्र लावतेसही तूच. आता कुठे शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला, आपल्या साध्या दुर्बिणीतून दिसेल एवढा, तर मी भांडत बसलो.

तुम्हा सगळ्यांच्या नोंदींत तो बेताबेताने मंदावत होता. माझ्या नोंदींत धाडकन विझत होता. मी तुला ऐकवलं, "डोळा अधू असता तर आजूबाजूचे तारेही फिके दिसले असते. तुलना त्यांच्याशीच करतो ना आपण? मग ती चुकेल कशी?" बिनतोड वाटलं होतं मला.

त्याच संध्याकाळी अंधार पडतापडता गच्चीवर गेलो. नेहमीसारखा उजवा डोळा लावला. तो फिका, शेजारचे ठसठशीत. मग शेजारच्या एकावर नजर रोखली, तर तो फिका झाला आणि बाजूला आपला तारा उजळला. ज्याच्याकडे बघावं तोच फिका! मग डावा डोळा लावला. आकडा आला तो तुझाच, दशांशासकट.

ही वर आली. "आटपलं का?"

"आटपलं," म्हटलं.

ताई, मला हे तेव्हा कळलं असं लिहून पत्र संपवणार होतो. तसं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी शाळेच्या वळणावर बसमधल्या मावशी ओरडल्या, "अहो, थांबा, थांबा!" ब्रेक दाबला. अगदी पुढ्यात काठी टेकत एक आजोबा रस्ता ओलांडत होते. मला दिसलेच नव्हते. "ऊन आलं डोळ्यावर," मी म्हणालो. आभाळ भरलेलं होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पोरांना खाली बसवायला लागल्या.

त्या दुपारी डावा डोळा झाकून समोरच्या गाडीची पाटी वाचली. मधले दोन आकडे गायब. तरी बस चालवत राहिलो. बेचाळीस पोरं, ताई. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तेवढी निभतील म्हटलं. आणि गच्चीवर मुद्दाम उजव्याच डोळ्याने बघत राहिलो. एकदा जरी आकडा तुझ्याशी जुळला असता, तरी मी सुटलो असतो. नाही जुळला. म्हणून तुझा राग आला.

काल बस काढली नाही. किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "रजा हवी आहे का?"

"नाही बाई. मला दिसत नाही." मग तीन आठवड्यांचं सगळं सांगितलं.

त्यांनी किल्ली खणात टाकली. "आधी का नाही बोललात?"

हात जोडून निघालो. बाहेर मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तरी कुठे बोलले?" आणि डोळ्याला पदर लावला.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. वाढायचा थांबेल कदाचित, गेलं ते परत येणार नाही. डाव्यावरही लक्ष ठेवायला सांगितलंय.

अठरा फेब्रुवारीपासूनचे माझे आकडे खोडून टाक. त्यावरून कुणी हिशेब मांडायला नको. कारण विचारलं तर खरं ते सांग.

हिला डोळ्याचं सांगितलंय, त्या आजोबांचं नाही. ही आत पोळ्या लाटतेय आणि तिला दिसू नये म्हणून मी इथे वही आड धरून लिहितोय. फार थकलोय गं. एकट्याने तिच्यासमोर तोंड उघडायचं बळ नाही. तू ये. रागवायचं असेल तर इथे समोर बसून रागव, पण ये.

तुझा,
ज्याने तुझं ऐकायला उशीर केला तो
बारक्या