न्हाणीघरातला कलावंत

वरोरा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७६

तीर्थस्वरूप इंदुताईस तिच्या धाकट्या, आणि आता बऱ्यापैकी टकल्या भावाचा, म्हणजे त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग पत्रातलाच समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसे बोलवावी लागतील.) भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? तुझी दाढ काढली, की अजून तिची मनधरणी चालू आहे? इकडे सर्व क्षेम. तुझ्या भावजयीचा खोकला आहे तिथेच आहे. ती म्हणते, आता त्याच्यावाचून घर सुने वाटेल. तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

प्रथम एका घोर अन्यायाची दाद मागतो. माझी संध्येची पळी बाटली. वडिलांनी मुंजीत दिलेली ती तांब्याची पळी तुझे चिरंजीव घनश्याम न्हाणीघरात नेऊन तिने फोटो धुण्याचे ‘हायपो’ नावाचे औषध मापतात, आणि नंतर न विसळता देव्हाऱ्यापाशी आणून ठेवतात. हे उघडकीला येईपर्यंत मी त्याच पळीने आचमन करीत होतो. पहिल्या घोटालाच जिभेवर काहीसे खारट, काहीसे गोड असे उतरे, आणि मला वाटे, इतक्या वर्षांची साधना फळाला येत आहे! मी दोन-चार शिष्यांना तसे सूचितही केले. आता त्यांना काय सांगू?

तू लिहिलेस की भाऊजींनी नागपूरला सेक्रेटरिएटात त्याच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली आहे, नव्या सालाच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचे आहे, आणि ‘मुलगा नोकरीच्या लायकीचा आहे की या फोटोपायीच वाया जाणार, हे तू, त्याचा मामा, स्पष्ट लिही, तू म्हणशील तसे करू’. स्पष्टच लिहितो. घेऊन जा. उद्या न्यायचा असेल तर आजच ने. माझे हे मत रागाचे नाही, सप्रमाण आहे, आणि प्रमाणे पुढे देतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे दिसले नाहीत, कारण तो पाळण्यातही सावलीकडे तोंड करून निजे. शाळेत चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी मडके काढले, तर याने मडक्याची जमिनीवर पडलेली सावली काढली आणि मडके काढायचे राहून गेले. पुढे तुम्ही त्याला सीताबर्डीवरच्या स्टुडिओत उमेदवारीला ठेवलेत. तिथे त्याचे काम एवढेच, की बारीक पेन्सिल घेऊन काचेवरच्या चेहऱ्यांचे डाग बुजवायचे, म्हणजे देवीच्या वणांनी भरलेला माणूस फोटोत लोण्यासारखा नितळ होतो. एका मालगुजारीणबाईंचे वण बुजवायला दिले, तर याने ते तसेच ठेवले आणि मालकाला सांगितले, ‘‘ते त्यांचे आहेत.’’ मालक म्हणाला, ‘‘बरोबर. आणि तू तुझ्या आईचा आहेस. तिच्याकडे जा.’’ (मालकाची तर्कबुद्धी मला मनापासून आवडली.) तिथून तो लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि काळे फडके घेऊन तुमच्याकडे न येता माझ्या ओसरीवर येऊन उतरला. का, तर म्हणे इकडचा उजेड चांगला आहे. उजेड नागपुरात वेगळा आणि वरोऱ्यात वेगळा पडतो, हे आमच्या न्यायशास्त्राला ठाऊक नव्हते.

कापसाच्या हंगामात इथे खेड्यापाड्यांची रीघ लागते आणि कापूस विकला की माणसाला स्वतःचे तोंड बघावेसे वाटते. शहाण्या फोटोवाल्याने या दिवसांत घर बांधावे. मी स्वखर्चाने त्याला एक पडदा रंगवून आणून दिला. त्यावर महाल, कारंजे आणि बदकापेक्षा थोडा मोठा हंस. चिरंजीवांनी तो उलटा करून टांगला! पुढे गिऱ्हाईक, मागे नुसते गोणपाट. शिवाय आपल्याकडची माणसे फोटोत संपूर्ण शरीर मागतात. दोन डोळे, दोन कान, हातांची बोटे नीट पसरून गुडघ्यावर, आणि पाय तर आलेच पाहिजेत, नाही तर अपशकुन. याने लटारू नावाच्या भल्या शेतकऱ्याला खिडकीशी आडवा बसवून निम्मा चेहरा काळोखात घातला. लटारूने फोटो उलटसुलट केला आणि विचारले, ‘‘मास्तर, बाकीचा मी कुठी गेलो?’’ चिरंजीव म्हणाले, सावलीत आहे. ‘‘मंग त्याले उन्हात बोलवा ना जी. मी त्याच्यासंगच घरून निंगालो होतो.’’ ताई, मी आयुष्यभर वादग्रंथ शिकवले, पण असा बिनतोड युक्तिवाद त्यांत कुठे नाही.

मग धानोऱ्याचे प्रकरण. तिकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराने वाघ मारला (मारला की मेलेला सापडला, यावर जंगलात मतभेद आहेत) आणि वाघावर पाय ठेवून फोटो काढायला याला बोलावणे धाडले. बैलगाडी, जेवण, मानपान, सगळे. फोटो आला तो असा : वाघाची मिशी न मिशी स्पष्ट, पंजा तर हात लावावासा, आणि ठेकेदार गुडघ्यापर्यंत. वर आभाळ असायला हवे तिथे कागदच संपला. ठेकेदार म्हणाला, ‘‘वाघाचं तोंड आलं, माहं काऊन नाई आलं?’’ चिरंजीव काय बोलले असतील? ‘‘त्याचं बघण्यासारखं होतं.’’ परतीच्या वाटेला बैलगाडी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

यावर कळस म्हणजे प्रदर्शन. दुपारच्या जेवणानंतर मी आरामखुर्चीत ग्रंथ छातीवर ठेवून चिंतन करीत होतो. (तोंड किंचित उघडे होते. चिंतनात ते उघडते.) याने गुपचूप फोटो काढून कलकत्त्याला पाठवला, वर नाव दिले ‘शास्त्राध्ययन’, आणि तिथल्या मंडळींनी तो भिंतीवर लावून याला प्रशस्तिपत्र धाडले. ज्या गावी माझे पांडित्य कधी पोचले नाही, तिथे माझे घोरणे पोचले.

आता शेवटचे प्रमाण, आणि ते सांगायला जरा अवघड आहे. इथल्या तलावावर मासे धरणाऱ्यांची वस्ती आहे. तिथला मुखरू एके दिवशी ओसरीवर आला आणि म्हणाला, ‘‘बापाचा फोटो काढाचा हाय.’’ घनश्यामने विचारले, बाप कुठे आहे? ‘‘मेला ना जी, पोरच्या साली.’’ (म्हणजे गेल्या वर्षी.) मग? ‘‘मी हाव ना! समदे म्हन्तेत, मी बापावरच गेलो.’’ या भागात ही रीतच आहे. हयातीत ज्याचा फोटो निघाला नाही, त्याचे पागोटे घालून, त्याच्यासारखा दिसणारा मुलगा किंवा भाऊ बसतो, आणि तोच फोटो मयताचा म्हणून टांगून त्याला हार घालतात. मी आत बसून हसून घेतले. दोरीला साप म्हणणारे पुष्कळ पाहिले, पण साप मेला म्हणून दोरीला हार घालणारे हेच!

घनश्याम मात्र हसला नाही. तो वस्तीवर गेला. मुखरूची आई गुणाबाई हिला विचारत बसला, की मयत वारलूबुवा कसे बसत, मान कुठे झुकायची, रागावले की हात काय करीत. मग मुखरूला जाळ्यापाशी उकिडवे बसवून, बापाचे पागोटे घालून, निम्मा चेहरा पुन्हा काळोखात घातला. (वारलूचा डावा डोळा बारीक होता, मुखरूचा नाही. तोच काळोखात गेला.) फोटो द्यायला जाताना मी बरोबर गेलो, शुद्ध टवाळीच्या हेतूने. गुणाबाई मासे निवडत होती. तिने हात पुसून फोटो घेतला, क्षणभर बघितला आणि डोईवर पदर ओढून घेतला. मग फोटोलाच म्हणाली, ‘‘इतकी वाट पाहाले लावते का मानूस?’’ आणि मुखरू शेजारीच उभा होता, त्याच्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही.

पुढचे ऐक, नाही तर तुला वाटेल मी मऊ पडलो. फोटो हार घालून दारासमोर टांगला. मुखरूचे सासरे डोमाजी लांबच्या गावाहून लेकीला भेटायला आले, तिकडे ही रीत नाही; उंबऱ्यातून त्यांनी हारातला जावई पाहिला आणि तिथेच बसून छाती पिटायला सुरुवात केली. वस्ती गोळा झाली. काही बायका विचारपूस न करताच रडण्यात सामील झाल्या. तेवढ्यात मुखरू पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आला, ‘‘मामाजी, पानी घ्या.’’ डोमाजींनी पाणी घेतले नाही. ते पाठीमागल्या कुंपणावरून तलावाच्या दिशेने गेले आणि धरून आणावे लागले. ही हकीकत घरी सांगितली तेव्हा तुझी भावजय हसता हसता खोकू लागली आणि खोकता खोकता भिंतीला टेकली. मग श्वास जमल्यावर म्हणाली, ‘‘गुणाबाई नशिबाची हो,’’ आणि आत गेली.

असो. एवढ्या प्रमाणांवरून सिद्ध झाले की हा मुलगा धंद्याला निरुपयोगी, गिऱ्हाइकाला तापदायक आणि पळीला घातक आहे. तुझे पत्र वाचल्यापासून तो फोटोच्या काचा पुसून ट्रंकेत रचतो आहे. कॅमेरा इथेच ठेवणार म्हणतो, कचेरीत त्याचे काय काम? मी म्हटले, शहाणा आहेस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. पळी चिंचेने घासून, तापवून शुद्ध करून घेतली. पण आता पाण्याला नुसती पाण्याची चव लागते आणि आचमनात मन लागत नाही.

दुसरा ता. क. डॉक्टर म्हणाले, तुझ्या भावजयीला नागपूरला नेऊन छातीचा फोटो काढून आणा. तेव्हा पुढल्या पंधरवड्यात आम्ही दोघे तुझ्याकडे येऊ. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिचा फोटो कधी निघाला नाही. आता निघणार तो बरगड्यांचा. घनश्यामने तिच्या पुष्कळ विनवण्या केल्या. ती म्हणते, या वाळल्या तोंडाचा फोटो कशाला, आणि फोटोने आयुष्य कमी होते.

तिसरा ता. क. वरचे ‘घेऊन जा’ खोड. ती जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. घनश्यामला इथून नेऊ नका. आम्ही निघण्याआधी तूच इकडे ये आणि तिला समजावून त्याच्यापुढे बसव. तुझा शब्द ती मोडत नाही. तोंड तो वाळलेले दाखवील, वण बुजवणार नाही, मला ठाऊक आहे. तसेच हवे. वारलूसाठी मुखरू होता. ताई, आमच्या घरी तिचे लुगडे नेसून, तिच्यासारखी मान करून बसणारे कोणी नाही. मला भीती वाटते.