भंडारदऱ्याची कॉटेज आणि यांचा स्वयंपाक

८ डिसें., सोमवार
पोचलो एकदाचे. केडगावहून लवकर निघायचं ठरलेलं, निघेपर्यंत ऊन वर आलं. संगमनेरला चहा. राजूरच्या पुढे वळणावळणांत माझी मळमळ. कॉटेज बरी आहे. दोन खोल्या, ओटा, गॅस, पडवीतून थेट धरणाचं पाणी. जेवण मिळत नाही, आपलं आपण करून खायचं. म्हणजे घरचा ओटा सोडून दुसऱ्याच्या ओट्यावर भाकऱ्या थापायच्या, आणि याला म्हणे विश्रांती.

मला समुद्र हवा होता. लग्न झाल्यापासून मागतेय. यांचं ठरलेलं, 'खारं पाणी, चिकट हवा, आपल्या जिल्ह्यात एवढं धरण असताना...' बरं. धरण तर धरण.

पण संध्याकाळी वरणाला फोडणी यांनी दिली! कारखान्यातून रिटायर होईपर्यंत ज्या माणसाने चहाचं आधण ठेवलं नाही, त्याने. कुठंतरी पाणी मुरतंय.

९ डिसें.
रंधा फॉल. पाणी बेताचं, माकडं भरपूर. पायऱ्या उतरताना यांनी माझा हात धरला. चारचौघांत. मुद्दाम भांडण काढून बघितलं, थर्मासचं झाकण हरवलं त्यावरून. तर म्हणतात, 'हो गं, माझंच चुकलं.' हे वाक्य आमच्या घरात नवीन आहे.

फोनला रेंज फक्त फाटकापाशी. हे सारखे तिकडे. मी जवळ गेले की, 'ठेवतो रे.' कोण? तर आमचाच नितीन, पुण्याहून. पोराशी बोलायला आईपासून लांब कशाला जावं लागतं?

१० डिसें.
आज हे भात शिकले. पाणी किती, शिट्ट्या किती. मी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात विचारतात, 'आपल्या घरी जिरं कुठल्या डब्यात असतं?'

घरी? इथलं जिरं तर हाताशी होतं.

भात नीट गेला नाही. नगरचा दवाखाना आठवत राहिला. पोटाच्या तपासण्या झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला बाकावर बसवून यांना एकट्याला आत बोलावलं. कितीतरी वेळ. बाहेर आले ते रुमालाने चष्मा पुसत. 'ॲसिडिटी आहे. हवापालट करा म्हणाले.' तेव्हा हसले होते मी. ॲसिडिटीला कोण चष्मा पुसतं...

११ डिसें.
कॉटेज झाडायला हौसाबाई येते. बोलकी आहे. आज केरसुणी टेकवून म्हणाली, 'बाई, तुमचं मालक काल इचारीत हुतं, हितनं मोठा दवाखाना किती लांब हाय, अवेळी गाडी मिळंल का. कुनाला बरं न्हाई व्हय?'
मी म्हटलं, 'त्यांनाच. गुडघे दुखतात.'
'गुडघ्याला कशापायी मोठा दवाखाना!' म्हणाली आणि झाडायला लागली.

थोरल्या जाऊबाईंना भाऊजींनी असंच अचानक समुद्रावर नेलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरात सगळ्यांना ठाऊक, फक्त त्यांना नाही. ज्याचं दुखणं त्याला सांगायचं नाही, ही या घरची रीत. परत आल्या त्या शिंपले वाटत. किती खूश. म्हणाल्या, 'यांना एवढी हौस आहे हे मला माहीतच नव्हतं.' पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

पण हे धरण आहे. मला समुद्रावर नेलेलं नाही. तसं काही असतं तर समुद्रावरच नेलं असतं ना? याच एका गोष्टीवर आजचा दिवस काढला.

१२ डिसें.
रतनवाडीला बोटीने. हेमाडपंती देऊळ, कोरीव काम सुरेख. यांनी डोळे मिटून हात जोडले ते सोडीचनात. एरवी चप्पल कुठे ठेवली याची काळजी करत अर्धा नमस्कार करणारा माणूस! मी खांबाआडून बघत होते. मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

सरळ विचारलं तर खोटं बोलतील, आणि ते मला लगेच कळेल. त्यापेक्षा उद्या समुद्र मागायचा. नेहमीसारखे चिडले, खारं पाणी, चिकट हवा म्हणाले, तर मी सुटले.
देवा, भांडू दे यांना.

१३ डिसें.
सकाळी मागितला. हे भाकरीचं पीठ मळत होते. मी पाण्याकडे बघत म्हटलं, 'धरण झालं बघून. मला समुद्र बघायचाय.'

पिठातले हात थांबले. मग म्हणाले, 'जाऊ की. नितीनने तिकडे एक कॉटेज बघूनही ठेवलीय. अगदी वाळूलगत. हीच पद्धत, आपलं आपण करून खायचं. मी करीन सगळं. तू नुसती बसून राहा.'
'आणि चिकट हवा?'
'असू दे गं.'

यांनी भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, तसंच फिरवलं जसं मी फिरवते. चांगलं जमलंय आता. मग माझ्याकडे न बघता, 'ही उलटायची कधी?'

पाणी सुकत आलं होतं. मी उठून उलटली.
म्हटलं, 'ते समुद्रावर गेल्यावर शिकवीन.'