दुसऱ्या क्वार्टरबॅकचं महत्त्व

तिरुवल्लिकेणी, मद्रास
६ डिसेंबर १९६४

तीर्थरूप राममूर्तीमामांच्या चरणी भाचा राघोत्तम याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि तो या खेपेस तरी पोचला असं त्यांनी कळवावं (मागच्या तीन पत्रांतले नमस्कार वाटेत कुठे गहाळ झाले ते पोस्टखात्यालाच ठाऊक). तुमचा गुडघा आता कसा आहे? पावसाळी हवेत जिना चढउतार करू नये असं मी म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, म्हणून म्हणत नाही. इकडे तुमची लेक चंद्रिका माझ्या अन्नपूर्णाक्काच्या घरी सुखात आहे. तिचं मास्तरणीचं ट्रेनिंग मार्चात संपेल. आत्ताच घरात सगळ्यांना ती वर्गात बसल्यासारखं वागवते, त्यामुळे पास होईल यात शंका नाही. मी नेहमीसारखा ब्रह्मचाऱ्यांच्या मॅन्शनमधल्या खोलीत राहतो आणि रविवारी अक्काकडे जेवायला जातो.

आता मूळ कामाकडे येतो. मामींच्या भावाचा मुलगा भीमसेन याचं अमेरिकेहून आलेलं आठ पानी पत्र तुम्ही माझ्याकडे धाडलंत आणि याचा अर्थ काय, व पोरगा पोंगलनंतर तै महिन्यात चंद्रिकेशी लग्न करायला येतो की नाही, एवढं दोन ओळींत कळव असं फर्मावलंत. पत्र मी तीनदा वाचलं. पावणेआठ पानं तिथल्या फुटबॉलवर आहेत, आणि उरलेल्या पाव पानात तुमचा गुडघा, मामींचं लोणचं व 'लग्नाचं सावकाश बघू' अशी तिन्ही प्रकरणं उरकलेली आहेत. खांद्याचं हाड मोडल्याचा मजकूर वाचून मामींनी वैद्यीश्वरन कोविलच्या देवाला नवस बोलल्याचं कळलं. त्यांना सांगावं की मोडलं ते भीमसेनाचं नव्हे, एका क्वार्टरबॅकचं. भीमसेन त्या वेळी दीडशे हात लांब, घोंगडी पांघरून, कागदी पेल्यातली कॉफी पीत होता. (लहानपणी हा पंख्याखाली झोपला तरी चार दिवस अंथरूण धरायचा. नाव तेवढं भीमसेन.) नवस मात्र फेडावा. बोललेलं बोललेलं.

पण क्वार्टरबॅक म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक! आमच्या गिंडीच्या कारखान्यात सध्या हॉवर्ड नावाचा एक अमेरिकन तज्ज्ञ आला आहे. आमचे पंप का गळतात ते शोधायला त्याला सहा महिन्यांसाठी आणला, आणि तो आल्यापासून जे गळत नव्हते तेही गळू लागले आहेत. त्याला भीत भीत विचारलं, तर तो इतका खूष झाला की माझ्या स्टोअरच्या जमिनीवर बावीस नट-बोल्ट मांडून दोन तास त्याने मला सोडलं नाही. तात्पर्य असं, की या खेळाला फुटबॉल म्हणतात पण पायाचं काम फारसं नसतं. प्रत्येक बाजूला अकरा जण. त्यातल्या क्वार्टरबॅकने चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं आणि समोरच्या अकरांनी त्याच्या अंगावर जाऊन पडायचं. हे सगळं पगार घेऊन करतात. आता एकाच माणसावर सगळे पडणार म्हटल्यावर तो कधी ना कधी मोडणारच. म्हणून संघ दुसरा क्वार्टरबॅक पाळतात. त्याने रोज सरावाला यायचं, सगळ्या चाली पाठ करायच्या, आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभं राहून काय काय घडलं ते वहीत टिपायचं. चेंडू त्याच्या हाती कधीच येत नाही असं नाही. कुणाला चेंडूला लाथ मारायची असली तर तो जमिनीवर उभा धरायला बहुधा यालाच बोलावतात. याने धरायचा, दुसऱ्याने लाथाडायचा. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हॉवर्डला वाटलं, भट्टीचा धूर.

भीमसेनाच्या पत्रातली कथा अशी, की तीन वर्षं बाकावर बसलेला हा दुसरा, पहिल्याचं हाड मोडताच आत गेला आणि त्याने सामना जिंकून दिला. तीन आठवड्यांनी पहिल्याचं हाड धड जुळलंही नव्हतं, तरी दुसरा पुन्हा वही घेऊन कडेला. यावर भीमसेनाने दोन पानं विवेचन केलं आहे. धंदेवाईक संघाची खरी किंमत त्याच्या दुसऱ्या माणसावरून करावी, असं त्याचं मत आहे. पत्रातली ही दोन पानं मला मनापासून पटली, बाकी सहा कुणाला तरी देऊन टाका.

मामा, रागावणार नसाल तर लिहितो. या विषयावर भीमसेनाने पत्र लिहावं आणि मी वाचावं, हेच उलटं आहे. मी कारखान्यात सहा वर्षं हंगामी स्टोअरकीपर आहे. खरे स्टोअरकीपर हंबीरराव सहा आठवड्यांच्या आजारी रजेवर गेले ते गेलेच. वर्षातून दोनदा येतात, खुर्चीवर बसतात, धूळ फार झाली म्हणतात आणि रजा वाढवून परत जातात. घरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. सात वर्षांपूर्वी चंद्रिकेसाठी पत्रिका पाहिल्या तेव्हा दोघांचाही हक्क निघाला, माझा आत्याचा मुलगा म्हणून आणि भीमसेनाचा मामाचा मुलगा म्हणून. आपल्या तंजावरी घरांत हे दोन्ही मुलगे म्हणजे पाटावर बसल्यातच जमा. दोन्ही पत्रिका जमल्या. मग मामी म्हणाल्या, भीमसेनाची देवापुढे ठेवू आणि राघोत्तमाची असू दे. ती 'असू दे' झालेली पत्रिका अजून तुमच्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे आहे. मागच्या अवनिअवट्टमला जानवं बदलायला आलो होतो तेव्हा पाहिली. चार वर्षं भीमसेनाचं 'अजून एकच वर्ष' चाललं आहे आणि चार वर्षं मला दर पोंगलला तुमच्याकडून नवं वेष्टी-धोतर येतं, ते कशासाठी हे मलाही कळतं. (काखेत कळसा आणि गावाला वळसा असं कुणी म्हणालं तर तो मी नव्हे.)

असो. हॉवर्डचं तोंडी शिकवण्यावर समाधान होईना. मागच्या रविवारी पाऊस उघडल्यावर त्याने आमच्या मॅन्शनमधले ब्रह्मचारी मरीनाच्या वाळूवर जमवले. त्याचा लांबट चेंडू बोटीने यायचा होता तो आलाच नव्हता, म्हणून काथ्यासकट एक नारळ घेतला. आकार तोच पडतो म्हणाला. क्वार्टरबॅक कोण यावर पाऊण तास गेला. शेवटी विमा कंपनीतला सुब्बा झाला, कारण आपण नसलो तर मी घरी जातो असं तो म्हणाला आणि धोतराला गाठी मारायची सुतळी त्याचीच होती. मी दुसरा. माझी नेमणूक बिनविरोध झाली. मला कोळ्यांच्या उलट्या घातलेल्या कट्टुमरम होडीवर वही-पेन्सिल देऊन बसवलं. अक्का आणि चंद्रिका उकडलेल्या चण्यांच्या सुंडलच्या पुड्या घेऊन बघायला आल्या होत्या.

खेळ कसा झाला ते सविस्तर वहीत आहे, हवी तर पाठवीन. थोडक्यात, नारळ अंगावर येतो असं दिसताच झेलणारे बाजूला होत, आणि तो वाळूत पडला की मग अकराच्या अकरा त्यावर पडत. चौथ्या फेकीला सुब्बाचा पाय कोळ्यांच्या खड्ड्यात गेला आणि घोटा बघता बघता नारळाएवढा सुजला. हॉवर्डने शिट्टी मारून मला हात केला. मामा, मी उठलो. वही खाली ठेवली, धोतर खोचलं. पण सुब्बा जागेवरून हलेना. एका पायावर उभा राहून म्हणाला, मला काही झालेलं नाही. हॉवर्डने समजावलं, मित्रांनी समजावलं, तो आपला नारळ छातीशी धरून उभा. अमेरिकेत हाड मोडलं की माणूस बाहेर जातो, इथे माणूस मोडला तरी खुर्ची सोडत नाही, हा एवढा साधा फरक त्या तज्ज्ञाला कुणी शिकवला नव्हता. मग मी सुब्बाला तहान लागली असेल म्हणून त्याला सोडा आणून दिला आणि परत जागेवर बसलो. पुढच्या फेकीला नारळ दगडावर आपटून फुटला, बघ्यांनी त्याचे तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले आणि सामना संपला.

परत येताना चंद्रिका माझ्याबरोबर चालत होती. अक्का मुद्दाम मागे राहिली होती की तिचे गुडघे दुखत होते ते मी विचारलं नाही. चंद्रिकेने वही मागितली, दोन पानं उलटून परत दिली आणि म्हणाली, "पहिल्या फेकीपासून अस्क चांगलं लिहिलास. पण उगे बसलास कशाला?" मी म्हटलं, सुब्बा जागा सोडत नव्हता. ती म्हणाली, "तू मागितलास का?"

पायक्रॉफ्ट्स रोडवर रहदारी फार होती, म्हणून मी मागे जाऊन अक्काला रस्ता ओलांडून दिला.

तरी तुमच्या प्रश्नाचं दोन ओळींतलं उत्तर असं: भीमसेन तै महिन्यात येईलसं पत्रावरून दिसत नाही. न येईलसंही दिसत नाही. गुडघ्याला तेल लावत जावं, वडिलकीची दृष्टी भाच्यावर असू द्यावी, ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक,
राघोत्तम

ता. क. हळदीचा डबा, लोणचं आणि भीमसेनाचा पंखा हा मजकूर मामींना वाचून दाखवू नये. नमस्कार तेवढा दाखवावा.

ता. क. २. वरचं सगळं लिहून झाल्यावर पाकीट बंद करवेना. मामा, मी एकतीस वर्षांचा झालो. भीमसेनाला तार करून हो की नाही विचारा. तो हो म्हणाला तर माझी पत्रिका मला परत पाठवा, मी दुसऱ्या गावी बदली मागेन, कारण चंद्रिकेच्या लग्नात पंगतीला वाढायचं काम माझ्याच्याने होणार नाही. तो नाही म्हणाला तर 'राघोत्तम आहेच' असं कृपा करून म्हणू नका. मी तुमच्याकडे चंद्रिका मागतो आहे. सात वर्षांपूर्वीच मागायला हवी होती, ती चूक माझी. हे पाकीट उद्या चंद्रिकेकडे टपालात टाकायला देईन. ती दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यातली नाही.

ता. क. ३. अप्पा, मी चंद्रिका. मी उघडलं. भीमसेनाचं मला दिवाळीच्या आधीच वेगळं पत्र आलं आहे. तो तिथेच राहणार आहे, आणि अम्माची भीती वाटते म्हणून 'नाही' मी म्हणावं असं त्याने लिहिलं आहे. तारेचा खर्च करू नका. ते पत्र मी दोन महिने पेटीत ठेवलं, कारण मला बघायचं होतं, जागा रिकामी आहे हे माहीत नसताना हा माणूस काही मागतो का. मागितलं, तेही ताज्या कलमात आणि मला सोडून तुमच्याकडे, पण मागितलं. माझं हो आहे. मार्गळीचा बिनमुहूर्ताचा महिना संपून तै लागला की पहिला मुहूर्त धरा, आणि अम्माला तुम्हीच सांगा. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत आठ दिवस त्याला झोप लागू नये असं मला वाटतं. मला सात वर्षं कुणी विचारलं नव्हतं.